रोजचा शब्द आणि शेवटचा नंबर

आजीनं सांगितलेली गोष्ट चार मिनिटांची होती. नातीनं ती कागदावर उतरवली तेव्हा दीड पान झाली. परीक्षकांनी त्या दीड पानाला पहिला नंबर दिला. निकालाला दोन दिवस उरले असताना मी ती मूळ चार मिनिटं ऐकली, आणि महिनाभर आपण नेमकं काय चालवलं होतं ते मला तेव्हा उमगलं. हे प्रकरण त्या दोन दिवसांचं आहे. पण ते नीट सांगायचं तर चार महिने मागं जावं लागतं.

गाव अमरावती जिल्ह्यातलं. कापूस, तूर, सोयाबीनचं. मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. राज्यात ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. आमचं वाचनालय ड वर्गातलं. एक खोली, चार कपाटं, दोन बाक. संध्याकाळी तीन तास दार उघडं. पेपर वाचायला म्हातारी माणसं येतात, स्पर्धा परीक्षेची पोरं येतात, आणि बाया जवळपास येतच नाहीत. त्या घरातल्या लेकराच्या हाती पुस्तक मागवून घेतात.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आमच्याकडे ती बातमी जरा जास्तच जवळची वाटली, कारण म्हाइंभटांनी जिथं लीळाचरित्र, म्हणजे मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानलं जाणारं चक्रधरस्वामींचं चरित्र, सिद्ध केलं ते रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. बाराच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन होता. त्या दिवशी दरवर्षी आम्ही पुस्तकं मांडून ठेवतो, शाळेची लेकरं रांगेनं येऊन बघून जातात. त्या वर्षी लिहितं करायचं ठरवलं. रोज सकाळी सहाला एक विषय द्यायचा, प्रत्येकानं दहा मिनिटांत सुचेल ते लिहायचं, असं तीस दिवस. शेवटी त्यातून लघुकथा स्पर्धा. पहिलं बक्षीस ५०१ रुपये आणि पुस्तकं.

पहिली फेरी

ती नवव्या दिवशी बंद पडली.

एक कारण कोणालाही दिसावं असं होतं, तरी मला दिसलं नाही. ऑक्टोबरचा मधला पंधरवडा म्हणजे सोयाबीनची काढणी आणि मळणी, त्याला लागूनच कापसाची वेचणी. बाई पहाटे उठून भाकरी थापते आणि सातला शेताच्या वाटेला लागते. तिला सकाळी सहाला विषय देणं म्हणजे तिला मोजलंच नाही असं सांगणं. दिनविशेष बघून मी तारीख धरली, पीक बघितलं नाही.

दुसरं कारण विषयांचं. ते मी इकडून तिकडून गोळा केले होते. ‘वाफाळता कॉफीचा कप’, ‘शेवटची लोकल’, ‘समुद्राकाठी सापडलेली बाटली’, ‘स्वातंत्र्य म्हणजे काय’. पहिल्या दिवशी एकतीस कागद आले. मी हरखून गेले होते. पण वाचायला बसले तर एकतीसही कागदांवर निबंध. ‘समुद्र हा अथांग असतो. समुद्र आपल्याला खूप काही शिकवतो.’ लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता; त्यांनी दुसऱ्या कोणाची तरी वाक्यं आठवून लिहिली होती. पाचव्या दिवशी नऊ कागद आले, नवव्या दिवशी दोन. त्यातला एक माझा.

विषय देऊन लिहून घेण्याची ही पद्धत चालते कशी, याचा विचार मी त्यानंतर केला. आधी करायला हवा होता. रोजचा विषय माणसाला काय लिहायचं ते सांगत नाही. काय लिहू, हा प्रश्न तो त्याच्यापुरता बाजूला करतो, म्हणून हात चालू लागतो. वेळ दहाच मिनिटांचा असतो कारण तेवढ्यात माणसाला चांगलं लिहायला सवड मिळत नाही, खरं तेवढं लिहून होतं. आणि विषय हाताला लागणारी वस्तू असावा लागतो. ‘स्वातंत्र्य’ म्हटलं की फळ्यावरचा सुविचार आठवतो. ‘विळा’ म्हटलं की कोणाचा, कुठं हरवला, कोणाच्या बोटाला लागला, हे आपसूक येतं. वस्तूच्या मागं माणूस येतो आणि माणसाच्या मागं गोष्ट.

जगात या प्रकारचा सगळ्यात गाजलेला उपक्रम अमेरिकेतला होता, नॅनोरायमो. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एकवीस जणांनी तो सुरू केला: महिन्याभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी. त्यात परीक्षक नव्हता. कोण किती चांगलं लिहितं हे कोणी बघत नव्हतं, शब्द तेवढे मोजले जात. जो पन्नास हजारांपर्यंत पोचला तो जिंकला, मग तसे कितीही असोत. ही गोष्ट मी तेव्हा वाचली आणि ओलांडून पुढं गेले. तिथं थांबले असते तर पुढचा घोळ टळला असता.

दुसरी फेरी

२७ जानेवारी ते २५ फेब्रुवारी. निकाल २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. तूर घरात आलेली, हरभरा उभा, कापसाची शेवटची वेचणी कुठं कुठं उरलेली. दहावी-बारावीची लेकरं परीक्षेमुळं बाद झाली, त्याला इलाज नव्हता.

विषय या वेळी गावातल्या पाच जणांनी मिळून काढले, त्यात दोन बाया. धुरा. शिदोरी. सातबारा. बंडीचं चाक. बुजगावणं. चक्कीवरचा नंबर. रात्रीची लाईन. सीतादही. विषय फक्त व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, पिठाच्या चक्कीच्या भिंतीवर खडूनं लिहायचा, असं त्यांतल्याच एका बाईनं सुचवलं. दळण येईपर्यंत तिथं बाया बसलेल्या असतात. मला स्वतःला हे सुचलं नसतं. चक्कीवाल्यानं एक पुठ्ठ्याची पेटीही ठेवली, चिठ्ठ्या टाकायला.

‘सीतादही’ला सोळा-सतरा वर्षांची पोरं घरात विचारत सुटली. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात दही-भात ठेवून पूजा करतात, एवढं त्यांना माहीत होतं. आपल्या घरी ती कधी बंद झाली आणि का, हे माहीत नव्हतं. त्या दिवशीच्या कागदांत तीन घरांची तीन उत्तरं आली आणि तिन्हींत एक-एक नापिकीचं साल होतं.

‘रात्रीची लाईन’ला आलेला मजकूर थेट शेतातून आला. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री शेतात गेलेल्या एका तरुणानं मोटार चालू केली आणि बांधावर बसून फोनला बोलून लिहिलं. फोन त्याच्या ‘मले’चं ‘मला’ करत होता, ‘जाऊन राह्यलो’चं ‘जात आहे’. त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याकडून सगळं परत ‘मले’ करून घेतलं. “ताई, ते मी नाई बोललो,” म्हणाला. मी हसून दुरुस्त करून दिलं. त्याच्या त्या वाक्याचं वजन मला महिन्याच्या शेवटी कळलं.

‘धुरा’ मात्र अंगावर आला. शेताच्या हद्दीला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून भांडण नाही असं घर गावात शोधावं लागेल. त्या दिवशी सगळ्यात जास्त कागद आले. त्यातला एक वाचून माझ्या लक्षात आलं की हे दोन चुलतभावांचं चालू प्रकरण आहे, नावं तेवढी बदललेली. तो मी लिहिणाऱ्याला परत दिला. त्यानं तो फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. कथेत नाव बदललं की काम झालं, हे शहरात चालत असेल. पाचशे उंबऱ्यांच्या गावात नाव बदललं तरी विहीर तीच असते.

हे सांगण्याचं कारण, पुढच्या गोष्टीतल्या खुणा मी इथं बदलल्या आहेत. झाड ते नाही, नातंही अगदी तेच नाही. आजीला विचारूनच लिहिते आहे.

बोर

बाविसाव्या दिवशी विषय होता ‘धुऱ्यावरची बोर’. नववीतल्या एका मुलीनं आदल्या एकवीस दिवसांत रोज काही ना काही लिहिलं होतं, नेटकं, शाळेच्या वहीतल्यासारखं. या दिवशी तिला काही सुचेना म्हणून तिनं आजीला विचारलं. आजीला अक्षरओळख नाही. आजी चुलीपुढं बसून बोलली, नातीनं फोनवर रेकॉर्ड केलं, आणि मग त्यावरून लिहून काढलं. तीस दिवस झाल्यावर प्रत्येकानं आपलं एक लेखन स्पर्धेसाठी निवडून द्यायचं होतं. तिनं हेच दिलं.

परीक्षक तालुक्याच्या गावचे निवृत्त शिक्षक. मराठी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी नावं झाकून सगळं वाचलं आणि ‘बोर’ला पहिला नंबर दिला. शेरा होता: ‘भाषा शुद्ध, कथेला बोध आहे.’

२५ तारखेला मी त्या मुलीला कथेची स्वच्छ प्रत मागितली. तिनं फोनवरून पाठवताना प्रतीबरोबर ते रेकॉर्डिंगही पाठवलं. मुद्दाम पाठवलं की चुकून, हे मी तिला विचारलेलं नाही.

नातीची कथा अशी संपत होती: ‘अशा प्रकारे बोराच्या झाडाने दोघी जावांना पुन्हा एकत्र आणले. त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. म्हणून आपण जमिनीसाठी भांडू नये.’

आजीचं शेवटचं अर्धं मिनिट असं होतं:

“वाटणी झाली तं बोर कोनाची तेच नाई ठरलं. भाऊ भांडले. मंग बोरं कोनीच येचत नव्हतं. खाली सडा पडे, सडून जाये. एका सालची गोठ, मी सकायी गेली, तं ते बी आलेली. म्या झाड हालवलं. तिनं ओटी पसरली. म्या टाकली. तिनं अर्धी माह्या ओटीत टाकली. बोललो नाई. आजूनबी नाई बोलत.”

मग थोडा वेळ नुसता चुलीचा आवाज. मग आजी म्हणते, “झालं. बंद कर ते.”

मी ते रात्री पाच-सहा वेळा ऐकलं. ‘आजूनबी नाई बोलत’ या शब्दांनी ती गोष्ट उभी आहे. नातीनं नेमके तेच काढले होते, आणि का काढले हे मला ठाऊक होतं. एकवीस दिवस ती रोज दहा मिनिटं लिहीत होती तेव्हा कोणी नंबर देणार नव्हतं. त्या कागदांत तिचे बोध कमी-कमी होत गेले होते. एका दिवशी तर तिनं फक्त तीन ओळी लिहिल्या होत्या, आईच्या फाटलेल्या चपलेवर, आणि त्या फार चांगल्या होत्या. पण स्पर्धेसाठी निवडायची वेळ आली तेव्हा ती परत शाळेच्या वहीत गेली. ‘ते’ची ‘ती’ झाली, ‘सकायी’चं ‘सकाळी’ झालं, अबोल्याचे आनंदाश्रू झाले. मी इतर कागद काढून बघितले. जवळपास सगळ्यांनी हेच केलं होतं. रोजच्या कागदापेक्षा स्पर्धेचा कागद पडेल होता. जो तरुण ‘ते मी नाई बोललो’ म्हणाला होता, त्यानंही स्पर्धेसाठी आपलं ‘मले’ पुसून दिलं होतं.

रोजचा विषय हात मोकळा करतो आणि बक्षीस तो आवळतं. मी एकाच उपक्रमात दोन्ही दोर ओढत होते.

दोन दिवस

प्रश्न तीन होते आणि ते एकमेकांत अडकलेले होते. कथा कोणाची? नियमात मीच लिहिलं होतं: ‘स्पर्धकाने स्वतः लिहिलेली’. नंबर कोणत्या रूपाला? परीक्षकांनी नातीचं रूप वाचलं होतं, आजीचं नाही. आणि तिसरा, जो मला सगळ्यात जड वाटला: दुसरी जाऊ गावातच आहे, दोन गल्ल्या सोडून. २७ तारखेला पहिली कथा सगळ्यांसमोर वाचून दाखवायची प्रथा आम्ही जाहीर केली होती.

सरांकडे २६ ला सकाळी गेले. त्यांनी रेकॉर्डिंग शांतपणे ऐकलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. स्पर्धा लेखनाची आहे, सांगण्याची नाही. नियम निकालानंतर बदलायचा नसतो. आणि मुलीनं कष्ट घेतले आहेत, तिचा नंबर काढून आजीला देणं तिच्यावर अन्याय आहे. वऱ्हाडीबद्दल ते म्हणाले की बोली बोलायला गोड आहे, पण मुलीला उद्या परीक्षेत प्रमाण भाषाच लिहायची आहे. या सगळ्याला मी पूर्ण खोडून काढू शकले नाही. विशेषतः मुलीबद्दलचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मी त्यांना रिद्धपूरची आठवण करून दिली. म्हाइंभटांनी लीळाचरित्रातल्या लीळा स्वतः रचल्या नाहीत. चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांकडे जाऊन, विचारून, त्यांच्या आठवणी गोळा केल्या. छोटे-छोटे प्रसंग, लोकांच्या बोलीत. सांगणारे वेगळे, लिहिणारा वेगळा, आणि तेराव्या शतकातल्या त्या ग्रंथाला आपण आज मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणतो. सर म्हणाले, “ते ठीक, पण म्हाइंभटांनी शेवट बदलला नव्हता.” इतकं नेमकं मला बोलता आलं नसतं.

मग मी मुलीकडे गेले. तिला रागावायचं नव्हतं, आणि ती मात्र आधीच रडवेली. “ताई, शेवट तसा ठेवला असता तर कथा अर्धवट वाटली असती ना?” मी तिला विचारलं, आजी सांगत होती तेव्हा तुला अर्धवट वाटलं का? ती बराच वेळ गप्प बसली. “तेव्हा तर मला भीती वाटली होती,” म्हणाली.

आजी ओट्यावर लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं: पहिला नंबर, वाचून दाखवणं, नाव. तिनं लसूण सोलणं थांबवलं नाही.

“बक्षीस कायचं पोरी? मी तं नातीले सांगत होती.”

वाचून दाखवू का, विचारलं.

“नको. ते बी येऊन बसन तिथं. तिले वाटन मी गावाले सांगत सुटली.” आणि थोड्या वेळानं, “पन मिटवू नोका.”

संध्याकाळी आम्ही पाच जण बसलो. ठरलं ते असं. पहिला क्रमांक कायम, पण दोन नावांनी: सांगणारी आणि लिहिणारी. कथा समारंभात वाचायची नाही, फक्त नाव जाहीर करायचं. वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये दोन्ही रूपं समोरासमोरच्या पानांवर उतरवायची, आणि आजीच्या परवानगीशिवाय ते पान कोणाला दाखवायचं नाही. सरांनी नियमाचा मुद्दा नोंदवून ठेवायला सांगितला, तो नोंदवला. त्यांना हा निर्णय पटला नाही, तरी २७ तारखेला बक्षीस त्यांनीच दिलं आणि भाषणात आजीचं नाव आधी घेतलं. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाचे वडील नाराज झाले. दोघांना एक नंबर कसा, असं त्यांनी सर्वांसमोर विचारलं. त्यांना मी दिलेलं उत्तर मलाच पुरेसं वाटलं नाही.

दुसरी जाऊ आली होती. मागच्या बाकावर बसली, चहा घेऊन गेली. आजीशी बोलली नाही.

बदललं काय

पुढच्या फेरीत रोजचे कागद कोणी तपासत नाही. मीही त्यांवर शेरा लिहीत नाही, कोणी दिलं एवढीच खूण करते. तीस दिवस पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला वही आणि पेन, सगळ्यांना सारखं. स्पर्धा वेगळी केली, महिन्याभरानं, आणि तिथं स्वतःचा कागद निवडल्यावर तो सुधारायला दहा दिवस दिले. त्या दहा दिवसांत एकदा तरी तो कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचा. ज्या ओळीवर ऐकणारा इकडेतिकडे बघायला लागतो ती ओळ बहुतेक वेळा बोधाची असते, हे पोरांना दोन-तीनदा वाचल्यावर आपोआप कळतं. मला सांगावं लागत नाही.

आवाजातली गोष्ट घेतली जाते. लिहून काढणाऱ्यानं बोली बदलायची नाही आणि शेवट बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर ती त्याची स्वतःची कथा, वेगळ्या नावानं. गावातल्या जित्या माणसावर असेल तर त्याला किंवा तिला आधी विचारायचं, नाहीतर रजिस्टरमध्ये मिटलेलं पान. आजवर अशी चार पानं मिटलेली आहेत. स्पर्धेला दोन परीक्षक असतात, एक शिकवणारा आणि एक न शिकलेला. न शिकलेल्याला कथा वाचून दाखवतात. दोघांचं जमत नाही तेव्हा चर्चा लांबते, आणि मला ती चर्चा निकालापेक्षा मोलाची वाटते.

एक गोष्ट सुटलेली नाही. लिहिणाऱ्या बाया वाढल्या, पण स्पर्धेला कागद देणाऱ्या वाढल्या नाहीत. चक्कीवरच्या पेटीत चिठ्ठ्या येतात, बिननावाच्या. ‘शिदोरी’ला आलेली एक चिठ्ठी मला तोंडपाठ आहे, पण ती कोणाची हे विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे.

ती मुलगी आता दहावीत आहे. चक्कीच्या भिंतीवर विषय लिहायचं काम तिच्याकडे आहे. अभ्यास सांभाळून करते. आजीकडून ती अजूनही गोष्टी रेकॉर्ड करते. फोन समोर धरला की आजी आधी विचारते, “हे स्पर्धेचं हाय का रोजचं?”

रोजचं म्हटलं की बोलायला लागते.